बाबांबरोबर 'फायर' पाहताना

दीपा मेहतांचा 'फायर' १९९६चा. आपल्याकडे तो १९९८च्या नोव्हेंबरात लागला आणि डिसेंबरात शिवसैनिकांनी मुंबईत चित्रपटगृहं फोडली. सेन्सॉर बोर्डाने काहीही न कापता सोडलेला चित्रपट पुन्हा बोर्डाकडे गेला आणि पुढच्या वर्षी तसाच, न कापता, परत लागला. बाबांना हा सगळा वाद वर्तमानपत्रांतून पाठ होता. चित्रपट मात्र त्यांनी पाहिला नव्हता, मीही नाही. खूप वर्षांनी एका दुपारी आम्ही तो घरी लावला.

मला धास्ती होती ती राधा आणि सीता यांच्या, म्हणजे शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्या प्रसंगांची. ते बाबांनी शांतपणे पाहिले. अग्निपरीक्षेचा संदर्भ आला तेव्हा "नावावरून का पेटलं ते कळलं," एवढंच म्हणाले. ते उठून गेले ते बीजीच्या प्रसंगाला. बीजी ही घरातली म्हातारी सासू. झटक्यात वाचा गेलेली, काही हवं असलं की घंटी वाजवणारी. तिच्या सोबतीला ठेवलेला नोकर मुंडू तिच्यादेखत अश्लील व्हिडिओ लावून बसतो आणि तिला तोंडही फिरवता येत नाही. माझी आजी अशीच अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. बाबा कामावर गेले की दिवसभर परक्या माणसाच्या हवाली. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी काही विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

वडीलधाऱ्यांसोबत असा चित्रपट लावणार असाल, तर आधी एकट्याने संपूर्ण पाहा. गाजलेल्या दृश्याची खबर सगळ्यांना असते, त्यामुळे मनाची तयारी होते. घाव लागतो तो बातमीत न आलेल्या ठिकाणी. आपल्या आईवडिलांच्या आयुष्यात काय सोसून झालंय हे परीक्षण लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. ते डोळ्यांसमोर ठेवून पडद्यावर काय येणार आहे हे त्यांना आधी स्पष्ट सांगा, अगदी अवघड वाटलं तरी. राजकारणावरचा वाद आदल्या दिवशीच घालून घ्या, नाहीतर पडद्याकडे कुणाचं लक्षच राहत नाही. पाहुणे असताना लावू नका. रिमोट त्यांच्या हातात द्या. संपल्यावर लगेच "कसा वाटला?" विचारू नका.

आणि हे सगळं करून 'फायर' त्यांना जरूर दाखवा. तो ज्यांच्या नावाने बंद पाडला गेला, त्या पिढीने तो स्वतः पाहून काय ते ठरवायला हवं.