वारसा वाटून देणारा कोण?

शास्त्रभाग : लूक १२:१३-२१, गणना २७:१-११, १ करिंथ ६:१-८

लोकसमुदायातून एक मनुष्य पुढे येतो आणि भावाने आपला वाटा द्यावा असे प्रभूने त्याला सांगावे, अशी विनंती करतो. प्रभू ती नाकारतो. तेथे त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'मेरिस्टेस' असा आहे, म्हणजे वाटणी करून देणारा. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. वाक्याची ठेवण मात्र जुन्या करारातून ओळखीची आहे. तुला आमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले, असे एका भांडखोर इब्री मनुष्याने मोशेला विचारले होते (निर्गम २:१४).

या वचनाचा आपल्या घरांतून एक चिंताजनक उपयोग होत असतो. वडील मृत्युपत्र न करता प्रभूकडे जातात. वर्ष उलटण्याच्या आत बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. एखादी बहीण सही करण्यास कचरली, तर प्रभूनेही वाटणीत लक्ष घातले नाही, असे तिला ऐकवतात. परंतु पुढील वचन वाचावे. लोभाविषयीचा इशारा केवळ वाटा मागणाऱ्याला नाही, तो सर्वांना दिलेला आहे. आणि लगेच येणारा दाखला कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्याचा, म्हणजे ज्याच्या हाती आधीच पुष्कळ आहे त्याचा आहे. मालमत्ता धरून बसलेल्या भावाने हा भाग बहिणीला वाचून दाखवावा, हे विपरीतच होय.

ज्या मोशेला तुला कोणी नेमले असे विचारले गेले, त्याच्याचपुढे पुढे सलाफहादाच्या पाच मुली उभ्या राहिल्या. बापाला पुत्र नाही, म्हणून त्याचे नाव का नाहीसे व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता. मोशेने स्वतः निर्णय दिला नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले. उत्तराच्या आरंभीच 'केन' हा इब्री शब्द आहे. त्या बोलतात ते रास्त आहे, असा त्याचा भाव. पुत्र असताना कन्येला वाटा, इतक्या पुढे तो नियम गेला नाही, हे खरे. तथापि हक्क मागणारी स्त्री परमेश्वराला उद्धट वाटली नाही.

आपल्या देशात ख्रिस्ती माणसाच्या वारशाला दीर्घकाळ निश्चित कायदाच नव्हता. त्याची परीक्षा तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील बल्लारी येथे झाली. मॅथ्यू अब्राहम हे हिंदू पूर्वजांच्या ख्रिस्ती घराण्यातील गृहस्थ. व्यापारात आणि मद्याच्या मक्त्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली व १८४२ साली ते मृत्युपत्राविना वारले. कारभार धाकटे बंधू फ्रान्सिस यांच्या हाती राहिला. आपले कुटुंब हिंदू रीतीचे एकत्र कुटुंब असून आपण त्यात सहभागीदार आहोत, असे त्यांचे म्हणणे. विधवा शार्लट व तिच्या मुलांचे म्हणणे उलट. प्रकरण बल्लारीहून मद्रासच्या सदर अदालतीत आणि तेथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १८६३ साली निर्णय लागला : ख्रिस्ती झालेल्यावर हिंदू कायद्याचे बंधन उरत नाही, तो जुना कायदा सोडू शकतो किंवा पाळूही शकतो, आणि त्याने काय केले ते त्याच्या वागणुकीवरून ठरवावे. दीराचा सहभागीदारीचा दावा टिकला नाही. मृत माणसाने आयुष्य कसे घालवले, हे परक्या न्यायाधीशांनी साक्षीपुराव्यांतून शोधावे लागले; दोन ओळींच्या मृत्युपत्राने बरेचसे टळले असते.

दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, उत्तराधिकार अधिनियम झाला. त्याची जागा पुढे १९२५ च्या अधिनियमाने घेतली. मृत्युपत्र नसल्यास विधवेस एक तृतीयांश, उरलेले मुलांना. पुत्र आणि कन्या यांत भेद नाही. (गोव्याचा कायदा निराळा आहे.) त्रावणकोरात मात्र १९१६ च्या कायद्याने कन्येला पुत्राच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी ते मिळे. कन्याकुमारी जिल्हा १९५६ साली मद्रास राज्यात आल्यावर हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयातही गेला आणि तेथे परस्परविरोधी निर्णय झाले. अखेर मेरी रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९८६ रोजी तो जुना कायदा १९५१ पासूनच रद्द झाल्याचे ठरवले.

मृत्युपत्र केले म्हणजे वाद मिटला, असेही नव्हे. शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाले, न्यायालयाचे मद्रासच राहिले. तेथे मृत्युपत्राच्या प्रोबेटसाठी अर्ज केला आणि कोणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की त्या अर्जाचा रीतसर दावा होतो. दोन साक्षीदारांपैकी निदान एकाने, तो हयात व उपलब्ध असल्यास, पुढे येऊन सांगावे लागते. ज्याला लाभ झाला त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय त्यानेच दूर करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगितले आहे. साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीपत्नीला दिलेली देणगी व्यर्थ ठरते. पाळकांना साक्षीला बोलावताना हे ध्यानात ठेवावे. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, हेही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

मग पौलाचे काय? बंधूने बंधूला न्यायालयात ओढू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे तो लिहितो. आणि बहुधा वाचन सातव्या वचनाशी थांबते. आठव्या वचनात तो अन्याय करणाऱ्यांकडे वळतो. तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ दुसऱ्याचे हिरावून ठेवणे असा आहे. सोसणे हे ज्याचे आहे त्याने स्वखुशीने करावयाचे. घेणाऱ्याने ते दुसऱ्यावर लादावयाचे नाही. शिवाय पौल केवळ गप्प बसा म्हणत नाही. बंधूबंधूंमध्ये निवाडा करील असा एकही सुज्ञ तुमच्यात नाही काय, असे तो मंडळीला विचारतो.

मद्रास उच्च न्यायालयात २००५ साली मध्यस्थी केंद्र सुरू झाले. तेथील मध्यस्थ निकाल देत नाही, वाटणीही करीत नाही. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतो, आणि समझोता मान्य नसेल त्याने दाव्याकडे परतावे, ही मोकळीक कायम राहते. मंडळीतील वडीलजनांनी असे काम हाती घेतले, तर त्यांनी भावाला पहिला प्रश्न हा विचारावा : सही मागण्यापूर्वी बहिणीचा वाटा किती, हे तिला कोणी सांगितले होते काय?