आधी पाण्यात बुडवा, मग पैसे द्या

माझं बोल्ट आवळणं चुकलं नव्हतं. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण इथे डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींत मला सिलिंडर हेड विकणाऱ्या माणसानं उलटंच पसरवलं आहे. "त्यानं घरच्या गॅरेजमध्ये हेड बसवलं, टॉर्क नीट दिला नाही, मग पाणी झिरपणारच," असं तो सांगतो. मी नवे बोल्ट आणले होते, कारण जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनाचे हे बोल्ट ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. ब्लॉकमधली बोल्टांची सगळी भोकं हवेनं फुंकून कोरडी केली होती, कारण तळाशी कूलंट राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो. आधी 22 फूट-पाउंड, मग ठरलेले अंश, लांब बोल्टांना वेगळे आणि आखूड बोल्टांना वेगळे. सगळं वहीत लिहिलेलं आहे. ती वही मी त्याला दाखवली, पण त्यानं ती उघडलीसुद्धा नाही.

गाडी 2001 ची कॉर्व्हेट. इंजिन 5.7 लिटरचं एलएस-1, कारखान्यातून 350 अश्वशक्तीचं. मला चाकांवर 430च्या आसपास हवी होती, तीही रोज चालवता येईल अशी. सुपरचार्जर नको, टर्बो नको, फक्त हेड आणि कॅमशाफ्ट. इंजिन श्वास किती मोकळा घेतं हे हेड ठरवतं, म्हणून पैसा घालायचा तर तिथेच, हे मला पटलं होतं आणि आजही पटतं. नामांकित कंपन्यांच्या नव्या हेडची जोडी मला तेव्हा 2,600 डॉलरला पडत होती. या माणसानं 1,200 सांगितले. एलएस-6 इंजिनाची 243 क्रमांकाची मूळ कास्टिंग, त्याच्या हातानं पोर्ट केलेली, म्हणजे आतल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या केलेली, वॉल्व्ह-स्प्रिंगसकट. रोख दिले तर शंभर कमी.

243 ही निवड चुकीची नव्हती, आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. पोर्ट जेमतेम 210 सीसीचा, दहनकक्ष साधारण साडेचौसष्ट सीसीचा, एलएस-1च्या छोट्या बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) अगदी जमणारा. चूक कास्टिंगची नव्हती, ज्याच्या हातात ती पडली त्याची होती.

त्याच्या दुकानात हेड टेबलावर मांडलेली होती. पोर्ट आरशासारखे. त्यानं टॉर्च मारला, फ्लो बेंचचा छापील कागद पुढे ठेवला आणि मी त्या कागदावरचे आकडे बघत राहिलो. मी कोल्हापूरचा. माझ्या काकांचं उद्यमनगरात मशिन शॉप होतं, डिझेल इंजिनांची हेड दुरुस्तीला यायची. काका हेडच्या भोकांवर रबर लावलेल्या पट्ट्या आवळायचे, आत हवा सोडायचे आणि सगळं धूड पाण्याच्या हौदात बुडवायचे. सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे आले की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचे. "आधी हे बघा, मग पैशांचं बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणी हे शंभर वेळा पाहिलेलं. तरी त्या दिवशी "प्रेशर टेस्ट केली का?" असं विचारलं आणि त्याच्या तोंडी "अर्थात" या एका शब्दावर विश्वास ठेवला. कागद मागितला नाही.

पहिली खूण हेड बसवतानाच दिसली होती. पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हातानं फिरवून, वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजलं. इनटेकला 95 थाऊच्या, म्हणजे इंचाच्या 95 हजारांशांच्या, आसपास अपेक्षित होतं, निघालं 70. मी फोन केला. तो म्हणाला, "तुमची माती दबली असेल. मी रोज हेच करतो, तुम्ही पहिल्यांदा करताय." मी दोनदा परत मोजलं, दोन्ही वेळा 70. गॅस्केट घातलेलं, रोलर आणि पुशरॉड बरोबर. तरी ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मेळाव्याला गाडी न्यायचीच होती, म्हणून पुढे गेलो. आकडा बोलत होता आणि मी माणसाचं ऐकलं.

चाकांवर 431 आली. दोन महिने आनंदात गेले. मग दर आठवड्याला कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरू लागली. खाली थेंब नाही, रेडिएटर सुका, वॉटर पंप सुका. सकाळी गाडी सुरू केली की एक्झॉस्टला गोडसर वास. गरम दिवशी चढावर जोर दिला की इंजिनातून टकटक, आणि संगणक इग्निशन मागे ओढायचा. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, त्यात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं आलं. ही कूलंट तेलात मिसळत असल्याची खूण असते.

एका रात्री स्पार्क प्लग काढून भोकांतून एकेका सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडला. पहिला पिस्टन काळा. तिसरा काळा. पाचवा लख्ख. चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा. दहनाच्या उष्णतेत पाण्याची वाफ होते आणि ती पिस्टनवरची काजळी धुऊन नेते. बाकी सगळे पाहिले, सगळे काळे. त्या एका स्वच्छ पिस्टनकडे मी किती वेळ बघत बसलो ते सांगता येणार नाही. हेड उतरवलं. विकणाऱ्याचा आरोप गॅस्केटवर होता, म्हणून आधी गॅस्केट पाहिलं. पाचव्या सिलिंडरभोवती सलग, अखंड ठसा, कुठेही झिरपल्याचा माग नाही. आणि पाचव्या इनटेक पोर्टच्या तळाला, जिथे वाट सीटकडे वळते तिथे, नारिंगी कूलंटचा सुकलेला ओघळ.

दुसऱ्या गावातल्या एका जुन्या मशिनिस्टकडे हेड नेली. त्यानं पट्ट्या लावल्या, 40 पीएसआय हवा सोडली, कोमट पाण्यात बुडवली. पाचव्या पोर्टमधून बुडबुड्यांची माळ निघाली. तो काही बोलला नाही. टोकदार सुई घेऊन त्यानं पोर्टचा तळ खरवडला. वरचा चंदेरी थर निघाला आणि खाली करडा इपॉक्सी दिसला. घासताना भिंत पाण्याच्या जॅकेटपर्यंत फुटली होती. ते भोक बुजवून, वरून ॲल्युमिनियमसारखा रंग देऊन पॉलिश केलं होतं.

माझा राग तिथे सुरू झाला आणि अजून गेलेला नाही. भिंत फुटणं हा अपघात आहे, कुणाच्याही हातून होतो. जाणता कारागीर ते वेल्डिंग करून भरतो, पुन्हा तपासतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो. पण रंग कुणी अपघातानं देत नाही.

मग बाकीचं मोजमाप झालं. दहनकक्ष 62 सीसीचा करून देतो असं विकणारा म्हणाला होता, निघाला 58. म्हणजे हेडचा पृष्ठभाग सुमारे 40 थाऊ उतरवला होता. वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर 70 का आलं आणि कॉम्प्रेशन 10.7च्या जागी 11.2 होऊन इंजिन का टकटकत होतं, दोन्हीचं उत्तर एका मोजमापात मिळालं. माझी माती दबलेली नव्हती. दोन एक्झॉस्ट गाइडमधली फट 5 थाऊ, जिथे मर्यादा 3.7 आहे. जुन्याच गाइडमध्ये नवे चमकते वॉल्व्ह घातले होते.

विकणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्यानं पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं: शर्यतीचे भाग, हमी नाही. पुढच्या कामात 200 डॉलर वजा करू, असंही म्हणाला. पुढचं काम! रोख दिले होते, त्यामुळे बँकेकडे तक्रार करायची वाटही बंद. बेअरिंग, गॅस्केट, बोल्ट, तेल, मशिनिस्टची मजुरी आणि शेवटी नवी हेड धरून शंभर डॉलरच्या सवलतीचे मला 4,300 पडले.

आता जे शिकलो ते सांगतो.

प्रेशर टेस्ट स्वतःसमोर करून घ्या, नाहीतर दाब आणि तारीख लिहिलेला सहीचा कागद घ्या. पोर्ट केलेलं जुनं हेड असेल तर यात सूट नाही. विकणारा तयार नसेल तर तिथून निघा.

चार आकडे लेखी मागा: प्रत्येक दहनकक्षाचं सीसीमधलं माप, हेडचा पृष्ठभाग किती थाऊ उतरवला, प्रत्येक गाइडमधली फट, आणि स्प्रिंगची बसवलेली उंची. हे आकडे ज्यानं खरंच मोजलेत त्याला द्यायला दहा मिनिटं लागतात. ज्यानं मोजले नाहीत तो तुम्हाला पोर्टची चमक दाखवतो. इनटेक पोर्टला आरशासारखं पॉलिश करून काही मिळतही नाही.

फ्लोचा एकच मोठा आकडा बघू नका. वॉल्व्ह त्या सर्वोच्च उंचीवर क्षणभर असतो. 300, 400 आणि 500 थाऊ उचलीवर हवा किती जाते ते विचारा, आणि किती बोअरवर मोजलं तेही. मोठ्या बोअरवर घेतलेला आकडा तुमच्या इंजिनाला लागू होत नाही.

बोअर बघून हेड घ्या. एलएस-3ची आयताकृती पोर्टची हेड स्वस्तात मिळतात म्हणून भुलू नका. त्यांचा 2.165 इंची इनटेक वॉल्व्ह किमान 4 इंच बोअर मागतो आणि एलएस-1चा बोअर 3.898 इंच आहे. शिवाय छोट्या इंजिनाला फार मोठा पोर्ट दिला की हवेचा वेग पडतो आणि रस्त्यावर रोज लागणारी खालची ओढ जाते.

खिसा हलका असेल तर भंगारातली न घासलेली 243 किंवा 799 हेड घ्या. 799 म्हणजे ट्रकांवर आलेली जवळपास तीच कास्टिंग. चांगल्या मशिनिस्टकडून गाइड, सीट आणि स्प्रिंग करून घ्या. नीट निवडलेल्या कॅमबरोबर ती चाकांवर 400च्या जवळ नेतात. ट्रकांच्याच 706 हेडवर मात्र कॅस्टेक या कंपनीचं चिन्ह आहे का ते बघा. त्यातली काही आतून तडकून कूलंट तेलात सोडतात, आणि त्यावर जनरल मोटर्सनं स्वतः सूचनापत्र काढलं होतं.

महाग म्हणजे निर्धोक असंही नाही. एलएस-7 हे हातानं जुळवलेलं 505 अश्वशक्तीचं इंजिन, त्याच्याही एक्झॉस्ट गाइड झिजून वॉल्व्ह तुटल्याच्या गोष्टी या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. कारखान्याचं असो की कुणाच्या दुकानातलं, मोजून घ्या.

कॅम 550 थाऊच्या वर उचलत असेल तर मूळ एलएस-6च्या स्प्रिंगवर भागवू नका. हेडचा पृष्ठभाग उतरवला असेल तर पुशरॉडची लांबी पुन्हा मोजा, 7.4 इंच गृहीत धरू नका. इनटेकला 80 आणि एक्झॉस्टला 100 थाऊ अंतर नसेल तर इंजिन जुळवूच नका, आधी कारण शोधा. आणि तुमचं माप आणि विकणाऱ्याचं बोलणं जुळत नसेल तर तुमचं माप खरं.

पैसे कार्डानं द्या. घाई करू नका. दहा जणांना विचारा. हे सगळे सांगतात, मलाही सांगितलं होतं.

नवी हेड लावून गाडी आता 427 देते. म्हणजे चार अश्वशक्ती कमी, आणि दोन उन्हाळे कूलंटची पातळी रेघेवरून हललेली नाही.

मागच्या हिवाळ्यात एका पोरानं जुनी हेड विकत मागितली. "काका, मी वेल्डिंग करून घेईन," म्हणाला. चांगला मुलगा, कदाचित केलंही असतं. पण त्याच्याकडून ती पुढे कुणाकडे गेली असती? त्या रात्री मी पाचव्या पोर्टमधून हेड करवतीनं उभं कापलं. भोक करंगळीच्या नखाएवढं आहे. भोवतालची भिंत कागदासारखी पातळ होत गेलेली स्पष्ट दिसते, इपॉक्सीचा करडा थरही आणि त्यावरचा चंदेरी रंगही. तो तुकडा गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. आमच्याकडे कुणी हेड घ्यायला निघालं की आधी तो त्याच्या हातात देतो आणि भोकावर बोट ठेवायला सांगतो.