मेट्रो की बस : सरकार गणित कसं मांडतं?

"आपल्याकडे मेट्रो कधी येणार?" हा प्रश्न कट्ट्यावर सगळेच विचारतात. "ती आधी कुठे येणार, आणि मेट्रोच का, बस का नाही, हे ठरवतं कोण?" हे मात्र कुणी विचारत नाही. 'राजकारणी ठरवतात' हे आपलं ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. फाईल मंत्र्यांच्या टेबलावर जाण्याआधी प्रत्येक प्रकल्पाचं एक गणित मांडलं जातं, आणि ते मांडणाऱ्यांमध्ये इंजिनिअर असतात. म्हणजे उद्याचे तुम्ही-आम्ही! म्हणून आपला तो बोअरिंग वाटणारा इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सचा विषय जरा वेगळ्या नजरेने बघू या. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा इंग्रजी शब्द जास्त आले तर सांभाळून घ्या.)

सुरुवात लंडनपासून करू. तिथल्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाईनला १९६२ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९६८ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. नुसत्या तिकिटाच्या पैशावर ही लाईन तोट्यात जाणार हे दिसत होतं. १९६३ मध्ये फॉस्टर आणि बीसली या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगळाच हिशोब मांडला. लोकांचा वेळ किती वाचेल? इतर गाड्यांची गर्दी किती कमी होईल? रस्ते किती मोकळे होतील? हे सगळं पैशात मोजल्यावर फायदा खर्चापेक्षा जास्त निघाला. गंमत म्हणजे त्यातला मोठा हिस्सा या लाईनमध्ये कधी पाऊलही न ठेवणाऱ्यांचा होता. बाकीचे लोक जमिनीखाली गेले, की रस्त्यावरच्या माणसाचाही प्रवास सुखाचा होतो.

भारताने हा विचार २०१७ च्या मेट्रो रेल धोरणात घेतला. आधी प्रकल्पाकडून ८ टक्के फायनान्शियल रेट ऑफ रिटर्न अपेक्षित असायचा, म्हणजे प्रकल्पाच्या गल्ल्यात येणारा पैसाच मोजायचा. नव्या धोरणाने १४ टक्के इकॉनॉमिक रेट ऑफ रिटर्न मागितला. त्यात वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, टळलेले अपघात, कमी झालेलं प्रदूषण हे सगळं येतं. शिवाय 'पर्यायांचा अभ्यास' सक्तीचा झाला. बीआरटी, ट्राम, लाईट रेल, मेट्रो यांची तुलना केल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. स्टेशनच्या आसपासच्या ५ किलोमीटरमधल्या लोकांना तिथपर्यंत आणणाऱ्या फीडर सेवेचाही विचार करावा लागतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नव्या लाईनवर रोज १ लाख प्रवासी येतील आणि प्रत्येकाची १५ मिनिटं वाचतील. म्हणजे रोज २५,००० तास. एका तासाची किंमत ६० रुपये धरली, तर रोजचे १५ लाख आणि वर्षाच्या ३०० दिवसांचे ४५ कोटी. झालं की गणित! पण हे ६० रुपये आले कुठून?

बहुतेक वेळा ते माणसाच्या कमाईवरून येतात. आपल्याकडे रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं जे मॅन्युअल वापरतात, त्यात कारमधल्या प्रवाशाच्या तासाची किंमत बसमधल्या प्रवाशापेक्षा जास्त आहे. आपल्या उदाहरणात ६० च्या जागी ४० टाका, ४५ कोटींचे ३० कोटी होतात. म्हणजे प्रवासी तेवढेच, मिनिटंही तेवढीच, पण ती गरिबाची निघाली म्हणून प्रकल्प यादीत खाली! ब्रिटनमध्ये कामाला जाण्या-येण्याच्या वेळेसाठी सगळ्यांना एकच सरासरी किंमत लावण्याची पद्धत रूढ झाली, ती हा अन्याय टाळण्यासाठीच. माझ्या मते आपणही हेच करायला हवं. पहाटे धुणीभांडी करायला निघालेल्या बाईचा अर्धा तास स्वस्त का?

दुसरी गोची प्रवाशांच्या अंदाजाची. बेंट फ्लूबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० प्रकल्पांचा अभ्यास छापला. त्यातल्या रेल्वे प्रकल्पांपैकी दहातल्या नवांनी प्रवाशांचा आकडा फुगवून सांगितला होता, तोही सरासरी १०६ टक्क्यांनी. म्हणजे २०६ येतील म्हणायचं आणि यायचे १००. हाच हिशोब लावला तर आपले ४५ कोटी २२ कोटींवर येतात. यावर उपाय म्हणून ब्रिटनने २००३ पासून हा 'अति-आशावाद' आधीच गृहीत धरून आकडे दुरुस्त करायला सांगितलं.

तिसरी गोष्ट काळाची. १४ टक्क्यांनी डिस्काउंट केलं, तर १० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत फक्त २७ रुपये आणि ३० वर्षांनंतरच्या १०० ची अवघे २ रुपये. मग बांधायला वर्षानुवर्षं घेणारा प्रकल्प या चाळणीतून कसा पार व्हायचा? सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीच्या वर्षांचे प्रवासी वाढवून दाखवणे. कडक अट कधीकधी फुगवलेल्या आकड्यांना आमंत्रणच देते.

आणि पर्यायांचा अभ्यास? तोही फसवा होऊ शकतो. नवीकोरी मेट्रो आणि आजची खच्चून भरलेली, वेळेवर न येणारी बस यांची तुलना केली तर मेट्रोच जिंकणार. खरी तुलना करायची ती तेवढ्याच पैशात चालवता येईल अशा चांगल्या बसशी : भरपूर गाड्या, स्वतःची लेन, दर काही मिनिटांनी फेरी. या तुलनेत कुठे मेट्रो जिंकेल, कुठे बस. नाशिकसाठी 'मेट्रो निओ'चा, म्हणजे रबरी चाकांवरच्या इलेक्ट्रिक डब्यांचा प्रस्ताव आला, त्याला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जागाही मिळाली. मोठ्या मेट्रोच्या अलीकडेही पर्याय असतात, एवढं त्यातून दिसलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, गणिताला नावं ठेवायची नाहीत. ते नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच लाईन. पण एखाद्या प्रकल्पाचा डीपीआर हातात आला की तीन प्रश्न जरूर विचारा : वेळ कुणाचा आणि कितीला मोजला? प्रवासी कुठून आणले? तुलना कशाशी केली? शेवटच्या पानावरचा टक्का कॅल्क्युलेटर काढून देईल, पण त्यात काय भरायचं ते भरणाऱ्याला ठरवावं लागतं. आणि काही वर्षांनी ते भरणारे हात आपलेच असतील.