दहावीचा सेंडऑफ किती रुपयांना पडतो?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात दहावीचा सेंडऑफ एका घरात सहा-सातशे रुपयांत होतो आणि दुसऱ्या घराला दहा हजारांनाही पडतो. शाळेतला कार्यक्रम दोन्ही घरांतल्या मुलींसाठी एकच असतो: नववीच्या मुलांनी सजवलेला हॉल, मुख्याध्यापकांचं भाषण, एखाद्या बाईंचा दाटून आलेला गळा, बटाटेवडा आणि आइस्क्रीम. मोठा खर्च शाळेच्या फाटकाबाहेर होतो आणि तो ठरतो डिसेंबरातच, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आईबाबांच्या कानावर काही यायच्या आधी. पुढचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत. दुकान, गल्ली आणि तुमची घासाघीस यावर ते वरखाली होतील.

आधी तारखेचं बोलू. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा 2024 मध्ये 1 मार्चला सुरू झाली होती, 2025 मध्ये ती 21 फेब्रुवारीवर आली. बारावी तर 11 फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे पूर्वपरीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिकं आणि निरोप समारंभ यांची जानेवारी-फेब्रुवारीत दाटी होते. अमेरिकेतला प्रॉम वर्ष संपत आल्यावर, मे-जूनच्या सुमारास असतो. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचे गाऊनमधले फोटो पाहून डोंबिवलीतल्या मुलीला हुरूप येतो खरा, पण हिचे सगळे पेपर अजून व्हायचे असतात. टेलर, पार्लर आणि नाचाची तालीम यांत किती संध्याकाळी द्यायच्या, हे पैशांच्या आधी ठरवा.

शाळेची वर्गणी बहुतेक ठिकाणी दोनशे ते पाचशे रुपये. त्यात खाणं, सजावट आणि वर्गाचा फोटो येतो. शाळेला भिंतीवरचं घड्याळ, पुस्तकं किंवा फोटोफ्रेम भेट द्यायची पद्धत आहे, त्याचे पन्नास-शंभर वेगळे. एखाद्या शाळेने याहून बरीच मोठी रक्कम मागितली, तर तो विषय पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे आला होता का, हे विचारा आणि पावती मागा. वर्गातल्या ज्यांना वर्गणी जड जाते, त्यांची रक्कम वर्गशिक्षकांमार्फत परस्पर भरली जावी. ग्रुपवर ‘कोणी दिले, कोणी नाही’ अशी यादी टाकणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

आता साडी. खरं तर साडीपेक्षा ब्लाऊजचीच काळजी जास्त. साडी आईची, आत्याची, शेजारच्या काकूंची चालते. ब्लाऊज मात्र कोणाचाही बसत नाही. आईच्या ब्लाऊजला आतून टाके घालून घ्यायचे शंभर-दीडशे रुपये होतात. अस्तराचा नवा साधा ब्लाऊज शिवायला पाचशे ते आठशे, आणि पाठीवर नक्षी, लटकन, फुग्याच्या बाह्या असं काही सांगितलंत की दीड हजार. नवी साडी घेतली तर फॉल-बिडिंगचे शंभर-सव्वाशे धरा. हजार-बाराशेची साडी अशी अडीच हजारांपर्यंत पोचते, आणि पुढे ती कपाटात पडून राहते.

टेलरची वेळ साधणं ही यातली युक्ती. पौषात आपल्याकडे लग्नं नसतात, त्यामुळे टेलर आणि पार्लरवाल्या त्या दिवसांत जरा मोकळ्या असतात. माघ लागला की लग्नसराई सुरू होते आणि ‘अर्जंट’चे दोनशे रुपये आपोआप लागतात. म्हणून माप डिसेंबरअखेर द्या. काळी साडी ठरली असेल, आणि ती बऱ्याच वर्गांत ठरते, तर संक्रांतीपर्यंत थांबून पाहा. संक्रांतीसाठी भरलेल्या काळ्या साड्या 15 जानेवारीनंतर दुकानात नको असतात, भाव तोडायला दुकानदार तयार असतो. ठाण्यात जांभळी नाक्याचा बाजार, डोंबिवलीत स्टेशनच्या पूर्वेची दुकानं, कल्याणकरांना उल्हासनगर जवळ; ठाण्याच्याच गोखले रोड किंवा राममारुती रोडवर फिरून डिझाइन ठरवावं आणि खरेदी दुसरीकडे करावी, असा माझा सल्ला आहे.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. रंग आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे. आणि हे सगळं पावती असेल तर. पावती नको म्हटलं की पन्नास रुपये सुटतात आणि हक्क सिद्ध करणं अवघड होतं.

मुलांचा मामला सोपा. ब्लेझर भाड्याने सहाशे ते हजार-बाराशे, वर तेवढीच अनामत. घेताना बाह्या, खिसे आणि अस्तर यांचे फोटो काढून दुकानदारालाच पाठवा, म्हणजे परत देताना ‘हा डाग तुमचाच’ हा वाद होत नाही. विकत घ्यायचा असेल तर कर लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की 18 टक्के. करापूर्वी 2,500 चा ब्लेझर 2,625 ला पडतो आणि 2,600 चा 3,068 ला. मात्र कपड्यावर एमआरपीची पट्टी असेल तर कर त्यातच धरलेला असतो, वर वेगळा लावता येत नाही. बाकी पंधराव्या वर्षी घेतलेला ब्लेझर सतराव्या वर्षी होत नाही, म्हणून भाड्याचाच बरा.

पार्लरमध्ये नुसती साडी नेसवून घ्यायचे तीनशे ते पाचशे, केसांसकट सातशे-आठशे, मेकअपसकट दोन हजारांच्या पुढे. मेकअपचा खर्च मला पटत नाही. सकाळी नऊला केलेला मेकअप भाषणं संपेपर्यंत ओघळलेला असतो. साडी नेसवणारी एखादी काकू, मावशी प्रत्येक सोसायटीत असते, तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा. गजऱ्याचं म्हणाल तर मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्यातला. जानेवारीत तो महाग आणि पातळ मिळतो, अबोली किंवा शेवंती घ्या. आणि शर्टावर सह्या घ्यायची हौस जुन्या गणवेशावरच भागवा. बऱ्याच शाळांत बोर्डाच्या पेपरला गणवेश घालूनच जायचं असतं, नवा जोड सात-आठशेचा आहे.

खिशाला आणखी एक मोठं भोक पाडते ती ‘आफ्टरपार्टी’. शाळेचा कार्यक्रम दुपारी संपतो आणि पंधरा-वीसजण मॉलमध्ये किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या अनलिमिटेड बुफेत जातात. माणशी आठशे ते बाराशे. नऊशेच्या ताटावर 5 टक्के जीएसटी धरून 945 होतात. बिलात त्यावर ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो काढायला सांगा. तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते कायम ठेवले. मुलं लाजतात, त्यांना हे आधी सांगून ठेवा. हॉटेलवाले ऐकत नसतील तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. याहून स्वस्त मार्ग म्हणजे कोणाच्या तरी सोसायटीचा क्लबहाउस किंवा गच्ची. पावभाजी, ताक आणि आइस्क्रीम माणशी दीडशे-दोनशेत बसतं, गाणी मुलांच्याच फोनवर. स्पीकर रात्री दहाला बंद करायचा, हा नियमच आहे.

येण्याजाण्याला रिक्षा पुरे. मुंबई महानगर क्षेत्रात 1 फेब्रुवारी 2025 पासून मीटरचं किमान भाडं 26 रुपये आहे. डोंबिवली-कल्याणात शेअर रिक्षा त्याहून स्वस्त. ताईची स्कूटी मात्र नको, अगदी फोटोपुरतीही नको. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, आणि परवान्याविना चालवणं हाही गुन्हाच, की पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पूर्ण सेंडऑफमधली ही सर्वांत महाग बाब.

हिशेब मांडला तर असा दिसतो. आईची साडी, टाचलेला ब्लाऊज, वर्गणी, गजरा, रिक्षा: सहाशे-सातशे. नवी साडी, साधा ब्लाऊज, पार्लरमध्ये केस आणि बुफे: चार-साडेचार हजार. भारी साडी, मेकअप, फोटोग्राफर, कॅब: दहा हजार. वर्गाने डिसेंबरात माणशी एक मर्यादा ठरवली, समजा दीड हजार, तर तिसऱ्या घरातला खर्च खाली येतो आणि पहिल्या घरातली मुलगी न लाजता येते. हे काम दोन-तीन आयांनी मिळून फोनवर करायचं आहे.

निकालानंतर सत्कारांचा हंगाम येतो. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मेला लागला आणि राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. मंडळाची गुणवत्ता यादी बंद झाल्यापासून गुणवंत कोण हे ठरवण्याचं काम सोसायट्या, ज्ञाती मंडळं आणि नगरसेवक करतात. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि रिक्षा धरून शंभर रुपयांत तीन-चार सत्कार पदरी पडतात. दप्तर, फोल्डर, चषक मिळतो. क्लासवाल्यांनी फ्लेक्सवर मुलीचा फोटो लावायचा म्हटलं तर घाई करू नका. नोव्हेंबर 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग क्लासला यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरण्यासाठी लेखी संमती लागते, आणि तीही यशानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवरची सही त्यासाठी चालत नाही.

आणि ‘आपल्या पाल्याची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला, तर ओटीपी देऊ नका, पैसे पाठवू नका. फोन ठेवून द्या.