फास्टॅगची नोंद : काट्याच्या पावतीइतकीच जपण्याची



ऊस काट्यावर गेला आणि पावती हातात पडली की आपण आधी काय पाहतो? वाहनाचा क्रमांक, मग भरलेले वजन, मग रिकामे वजन, आणि शेवटी निव्वळ टनेज. एक आकडा इकडचा तिकडे दिसला की आपण लगेच शेतकी ऑफिसच्या दारात उभे. ही सवय कुणी शाळेत शिकवलेली नाही, घामाच्या पैशाने शिकवली आहे. पण त्याच सभासदाची पिकअप टोमॅटो-कोबी घेऊन घोटीचा टोलनाका ओलांडून मुंबईकडे जाते, तेव्हा तिच्या काचेवरच्या फास्टॅगमधून किती पैसे, केव्हा आणि कशाबद्दल गेले, हे पाहणारे आपल्यात थोडेच. "जातात तेवढे जातात" असे म्हणून आपण सोडून देतो. या अंकात त्याचाच थोडा अभ्यास करू.

इगतपुरी तालुका तसा रस्त्यांच्या तोंडावरच बसलेला आहे. कसारा घाट चढून आलेला मुंबई-आग्रा महामार्ग घोटीवरून नाशिककडे जातो. शिवाय आता समृद्धी महामार्गही आपल्याच तालुक्यातून गेला. शिर्डी ते भरवीर हा त्याचा टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. म्हणजे घरून निघाले की कुठल्या ना कुठल्या यंत्राखालून जाणे आलेच.

या दोन रस्त्यांची आकारणी एकसारखी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. घोटीला नाका ओलांडला की ठरलेला आकार पडतो, मग तुम्ही पुढे दहा किलोमीटर जा नाहीतर पन्नास. समृद्धीवर मात्र आत शिरताना एक नोंद होते, बाहेर पडताना दुसरी, आणि मधल्या अंतरावर आकार लागतो. म्हणून समृद्धीचा खर्च तपासताना कुठून शिरलो आणि कुठे उतरलो ही दोन्ही नावे जुळली पाहिजेत, नुसती रक्कम पाहून भागत नाही.

आता ही काचेवरची चिकटपट्टी काम कशी करते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की पैसे त्या पट्टीतच भरलेले असतात. तसे नाही. पट्टीत पैसेही नसतात आणि बॅटरीही नसते. आत एक बारीक चिप आणि तिच्याभोवती तारेसारखी पातळ अँटेना, एवढेच. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींच्याच जोरावर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पुढचे सगळे काम बँकांचे. तो क्रमांक नाक्याच्या बँकेकडून मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो. ही यंत्रणा भारतीय राष्ट्रीय देयके निगम चालवते. हा टॅग कुठल्या बँकेचा, कुठल्या वाहनाला दिलेला, वाहन कुठल्या वर्गाचे आणि टॅग चालू आहे की बंद यादीत, हे तिथे तपासले जाते. मग तुमच्या बँकेतल्या टॅगखात्यातून पैसे वळते होतात आणि मोबाईलवर संदेश येतो.

सातबाऱ्याशी तुलना केली तर लवकर कळेल. गट नंबर बरोबर, पण नाव दुसऱ्याचे लागले तर काय होते ते आपण जाणतोच. इथेही चिपचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक, वाहनाचा वर्ग आणि मालकाचा मोबाईल नंबर या चार गोष्टी एका दोरीत बांधलेल्या असतात. त्यातली एक सुटली की घोटाळा सुरू.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मोबाईल नंबरचा. गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोऱ्याने टॅग लावून दिला, नंबर टाकला त्याचाच. किंवा ड्रायव्हरने नाक्याजवळच्या टपरीवर टॅग घेतला आणि नंबर दिला स्वतःचा. पुढे ड्रायव्हर काम सोडून गेला. आता गाडी आपली, पैसे आपले आणि संदेश भलत्याच्याच खिशात! अशा वेळी टॅग बंद पडणार असल्याची सूचनाही आपल्याला मिळत नाही. ती कळते थेट नाक्यावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. तेव्हा आज संध्याकाळी पहिले काम हेच करा. आपल्या प्रत्येक वाहनाच्या टॅगला कुणाचा मोबाईल जोडला आहे ते बँकेकडून खात्री करून घ्या, आणि दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्या.

दुसरी गोष्ट वर्गाची. मोटार-जीपचा टॅग जांभळा असतो, हलक्या व्यावसायिक वाहनाचा नारिंगी. ट्रकांचे वर्ग आसांच्या संख्येवरून पडतात. दोन आसांचा वेगळा, तीन आसांचा वेगळा, चार ते सहा आसांचा आणखी वेगळा. वर्ग चुकीचा नोंदला गेला तर दर फेरीला चुकीचा आकार पडत राहतो. रक्कम लहान असल्याने ती खुपत नाही, पण हंगामभरात तिची बेरीज होते. आर.सी. बुक आणि टॅगची नोंद शेजारी शेजारी ठेवून एकदा ताडून पाहावी.

यासाठी घरात एक वही घालावी असे आम्ही सुचवतो. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरते. पहिल्या पानावर वाहनाचा क्रमांक, चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे, टॅग कुठल्या बँकेचा, काचेवरच्या स्टिकरवर छापलेला क्रमांक, वाहनाचा वर्ग, जोडलेला मोबाईल आणि टॅग लावल्याची तारीख. स्टिकरचा एक फोटोही काढून ठेवावा, कारण उन्हाने अक्षरे पुसट होतात. पुढच्या पानांवर फक्त फेऱ्या : तारीख, कुठे गेलो, कोण चालवत होते. गाडी घरी उभी असेल त्या दिवशी "घरी" एवढा एकच शब्द लिहावा. या शब्दाची किंमत पुढे कळेल.

महिन्याअखेरीस बँकेच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून टॅगखात्याचा उतारा काढावा. आपल्याला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगावे, त्याला दोन मिनिटे पुरतात. उताऱ्यात बहुधा दोन वेळा दिसतात. एक गाडी नाक्यावरून गेल्याची, दुसरी पैसे वळते झाल्याची. या दोहोंत कधी काही तासांचेही अंतर पडते. वही जुळवताना नाका ओलांडल्याची वेळ धरावी. संदेश रात्री अकराला आला म्हणून "गाडी तेव्हा गोठ्याजवळ उभी होती" असा आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. फेरी सकाळचीच असू शकते.

मग खरी चूक कशी ओळखायची? एकाच नाक्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत दोनदा पैसे गेले असतील तर ती चूक. ज्या दिवशी वहीत "घरी" लिहिले आहे त्या दिवशी कुठल्या तरी दूरच्या नाक्याचा आकार पडला असेल तर तीही चूक. ही दुसरी गोष्ट होते कशी, तर यंत्राने टॅग वाचला नाही आणि नाक्यावरच्या माणसाने हाताने वाहन क्रमांक टाकला की एका आकड्याच्या गफलतीत भलत्याच्या खात्याला कात्री लागते. अशा हाताने केलेल्या चुकीच्या कपातीबद्दल नाका चालवणाऱ्यांना प्रत्येक प्रकरणी एक लाख रुपये दंड लावण्याचे पाऊल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या यंत्रणेने उचलले, आणि अशा तक्रारी खूप घटल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले. तक्रार करणाऱ्यांनी तक्रार केली म्हणूनच हे झाले, बरं का. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा दूरध्वनी आहे, आणि ज्या बँकेचा टॅग तिच्याकडेही तक्रार नोंदवता येते. तक्रार क्रमांक मिळाला की तो वहीत त्याच तारखेसमोर लिहावा.

परतीच्या फेरीकडेही लक्ष द्या. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आले तर दोन्ही फेऱ्या मिळून एकेरी आकाराच्या दीडपट रक्कम पडते. हिशोबाला सोपे म्हणून एकेरी आकार शंभर रुपये धरा. जाताना शंभर गेले, तर येताना पन्नासच जायला हवेत. महिन्याला पन्नास फेऱ्यांचा पास घेतला तर पन्नास फेऱ्यांच्या रकमेच्या दोन-तृतीयांश भरावे लागतात, म्हणजे पाच हजारांऐवजी सुमारे तीन हजार तीनशे तेहतीस. रोज भाजी नेणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावेच. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी वाहनांसाठी वेगळा मासिक पास असतो. २०२५-२६ साठी त्याचा दर ३५० रुपये होता. मात्र जुन्या करारावर चाललेल्या नाक्यांच्या सवलतींत फरक असतो. म्हणून नाक्यावरचा फलक थांबून वाचावा. तो आपल्यासाठीच लावलेला असतो.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार-जीपसाठी वार्षिक पास निघाला. सुरुवातीचा दर ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांचा आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांचा आहे. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे तो चालत नाही. पिकअपसारख्या व्यावसायिक वाहनालाही तो नाही. पाव्हण्याने सांगितले म्हणून पैसे भरू नका.

ट्रॅक्टरवाल्यांचा प्रश्न नेहमी येतो. त्याच २००८ च्या नियमांत दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्र आणि बैलगाडी यांना आकार नाही. जिथे सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता आहे तिथे ट्रॅक्टरने तो वापरायचा, मुख्य रस्त्यावर यायचे नाही, अशी अटही त्यातच आहे. समृद्धीवर तर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही.

आता कारखान्याच्या हिशोबाकडे येऊ, कारण इथे हा विषय एकेकट्याचा राहत नाही. रास्त व किफायतशीर दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊनच आपल्या हाती उसाचे पैसे येतात. वाहतुकीच्या बिलात टोलची रक्कम वेगळी दाखवली गेली, तर ती शेवटी सभासदाच्याच टनामागून जाते. म्हणून अशा बिलाला त्या ट्रकच्या टॅगखात्याचा उतारा जोडलेला असावा, असा आग्रह वार्षिक सभेत धरायला हरकत नाही. ताडून पाहणे अवघड नाही. नाक्यावरची वेळ आणि काट्याच्या पावतीवरची वेळ, दोन्हीकडे वाहन क्रमांक तोच. गाडी चारला नाक्यावर आणि पुढे ठीक वेळेला काट्यावर असेल तर बिल खरे. काट्यावर त्या दिवशी त्या गाडीची पावतीच नसेल, तर तो टोल उसाचा नव्हे. यात वाहतूकदारावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. चोख वाहतूकदारालाही आपले बिल अडकून पडू नये म्हणून असा कागद हवाच असतो. साखर घेऊन बाहेर पडणाऱ्या ट्रकांची गोष्टही आता याच वळणावर आहे. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची यंत्रणा फास्टॅगशी जोडलेली आहे.

टॅग नसेल किंवा बंद असेल तर काय, हेही सांगून टाकू. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर टॅग सक्तीचा झाला, आणि वैध टॅग नसलेल्यास दुप्पट आकार लागू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट अशी थोडी सूट आली. याच्या उलट बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. टॅग वैध आहे, खात्यात पैसे आहेत आणि नाक्याचेच यंत्र बिघडले आहे, तर वाहनाला पैसे न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम २०१८ मध्येच झालेला आहे. भांडण न करता, पण ठामपणे ती पावती मागावी.

टॅग खिशात ठेवून हाताने दाखवणारे काही महाभाग आहेत. जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग ताबडतोब बंद यादीत टाकण्याची सूचना निघाली. तेव्हा काचेवर आतल्या बाजूने नीट चिकटवा. आणि हो, काच पुसणारा पोरगा मनगटी घड्याळाने टॅगमधले पैसे चोरतो, असा एक व्हिडिओ २०२२ मध्ये गावोगाव फिरला होता. तो खोटा असल्याचे देयके निगमाने तेव्हाच सांगितले. नोंदणी झालेल्या नाक्याशिवाय कुणालाही असे पैसे ओढता येत नाहीत. खरी चोरी होते ती फोनवरून. "तुमचा टॅग बंद पडतोय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला काहीही सांगू नये.

राहिली जुनी गाडी विकण्याची गोष्ट. आपण आर.सी. नावावर करून देतो, इन्शुरन्सचे बघतो आणि टॅग तसाच काचेवर सोडतो. टॅग दुसऱ्याच्या नावे होत नसतो. व्यवहार ठरला की बँकेला कळवून तो बंद करावा, शिल्लक आणि अनामत परत मागावी. नाहीतर नवा मालक फिरत राहतो आणि आकार आपल्या खात्यावर पडत राहतो. काच फुटून नवी बसवली तर टॅगही नवा लागतो. त्याचा क्रमांक वहीत जुन्याच्या खाली लिहावा आणि जुनी ओळ खोडू नये. मागच्या फेऱ्यांची तक्रार निघाली तर बँक जुनाच क्रमांक विचारते.