मोटारीचा गंज : झाकावा की काढावा?

जुनी मोटार घरी दुरुस्त करायला घेतली की सगळ्यांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. अनुभवी कारागीर मात्र बॉनेट उघडण्याआधी खाली वाकतो, दरवाज्याखालच्या पत्र्यावर टकटक करतो आणि गाडीतल्या चटया उचलून पाहतो. इंजिनाचा भाग झिजला तर नवा बसवता येतो. पण गाडीचे अंगच गंजाने खाल्ले असेल, तर ती कितीही चकचकीत केली तरी रस्त्यावर नेण्याजोगी होत नाही. असे का होते आणि हा गंज दूर कसा करतात, ते या लेखात पाहू.

उदाहरणादाखल आपण ‘प्रीमियर पद्मिनी’ ही मोटार घेऊ. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या ‘११००’ मोटारीच्या वंशातली ही गाडी. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही काही घरांत ती अजून जपून ठेवलेली आढळते.

अंग हाच सांगाडा

जीप किंवा ट्रकला खाली जाड पोलादी चौकट असते. या चौकटीला चेसिस म्हणतात. वरचे अंग तिच्यावर बसवलेले असते. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. सुमारे एक मिलिमीटर जाडीचे पत्रे दुमडून त्यांच्या पोकळ पेट्या केल्या जातात व त्या एकमेकींना वेल्ड करून गाडीचे अंग तयार होते. हे अंगच सारा भार पेलते.

काड्यापेटी आठवा. तिचा पुठ्ठा पातळ असतो, तरी पेटी बोटांत सहज चेपत नाही. पण तिची एक बाजू कापून टाका, म्हणजे ती लगेच वाकडी होते. मोटारीच्या दरवाज्याखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा जो पोकळ उंबरा असतो, तो काड्यापेटीच्या बाजूसारखा आहे. तो गंजला की गाडीची ताकद जाते. अपघाताच्या वेळी आतल्या माणसांना वाचवणारे अंगच कच्चे झालेले असते. म्हणून गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

गंज म्हणजे काय?

पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन गंज बनतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण ही क्रिया एखाद्या छोट्या विद्युतघटासारखी चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपाने पाण्यात उतरतात. ही जागा म्हणजे धनाग्र. सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या जागी जातात. तेथे प्राणवायू व पाणी त्यांना स्वीकारतात व हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. ही जागा म्हणजे ऋणाग्र. पुढे दोन्ही प्रकारचे आयन एकत्र येतात, आणखी प्राणवायू घेतात आणि तांबूस गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर त्यातून वीज सहज वाहते. साहजिकच समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट चिकटतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. शिवाय तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट, कधी सहापटीपर्यंत, जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगतो, फुटतो आणि पाण्याला नवी वाट मिळते.

करून पहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या प्रयोगशाळेत करा. लोखंडी पत्र्याचा तुकडा काचकागदाने घासून लख्ख करा. मिठाच्या पाण्यात थोडे फिनॉल्फ्थॅलिन व थोडे पोटॅशियम फेरीसायनाइडचे द्रावण मिसळा. त्याचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवा आणि धक्का न लावता पाहत राहा. या मिश्रणात आम्ल मात्र मुळीच घालू नका.

काही वेळाने थेंबाचा मध्य निळा व कडा गुलाबी दिसू लागतील. निळा रंग लोखंड विरघळत असल्याची खूण, तर गुलाबी रंग हायड्रॉक्साइडची. थेंबाच्या कडेला हवेतून प्राणवायू भरपूर मिळतो; मध्यभागी तो कमी पोचतो. म्हणजे प्राणवायू जेथे कमी, तेथेच लोखंड झिजते! केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी हा थेंबाचा प्रयोग प्रसिद्ध केला.

मोटारीच्या गंजाचे कोडे येथेच उलगडते. उघडा, उन्हात राहणारा छताचा पत्रा बहुधा शाबूत असतो. याउलट दोन पत्र्यांच्या जोडातली फट, मडगार्डच्या आत साचलेला चिखल, ओली चटई आणि उंबऱ्याची पोकळी येथे पाणी टिकते व प्राणवायू कमी पोचतो. गंज आतून सुरू होतो. बाहेर बारीक फोड दिसतो, तोवर आतला पत्रा चाळणीसारखा झालेला असू शकतो.

आधी तपासणी

तपासणीला तीन साध्या वस्तू पुरतात. पहिली, मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक. पत्र्याला तो चिकटतो. पण भोक बुजवण्यासाठी जाड लांबी भरली असेल, तर तेथे चिकटत नाही. दुसरी, बोथट टोचा. तो फोडांवर हलकेच दाबावा; चांगला पत्रा दबत नाही. तिसरी वस्तू म्हणजे तुमचे कान. निरोगी पत्रा टणटणतो, गंजलेला बद्द वाजतो.

सापडलेली प्रत्येक जागा कागदावर गाडीची आकृती काढून तिच्यावर नोंदवावी. पाणी कोठून येते, तेही शोधावे. काचेचे रबर फाटले आहे काय? दरवाज्याच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजली आहेत काय? पाण्याची वाट बंद केली नाही, तर पुढची सारी मेहनत फुकट जाते.

तीन पायऱ्या, तीन उपाय

पहिली पायरी वरवरच्या गंजाची. तो तारेच्या ब्रशने व काचकागदाने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढतात. जुन्या रंगात शिशाची संयुगे असू शकतात, म्हणून नाकातोंडावर मास्क व डोळ्यांना चष्मा हवा. मग थिनरने पुसून लगेच प्रायमर लावायचा. दमट हवेत उघडे पोलाद काही तासांतच पुन्हा तांबूस पडते. पावसाळ्यात हे काम काढू नये, असे कारागीर सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी पायरी खड्डे पडलेल्या पत्र्याची. खड्ड्यांच्या तळाशी ब्रश पोचत नाही. तेथे फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावतात. त्यामुळे गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते आणि हा थर रंगाला घट्ट धरतो. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे टिकला, त्याचेही एक कारण फॉस्फरस हेच आहे. त्या लोखंडात तो आजच्या पोलादापेक्षा जास्त आहे, व त्यामुळे पृष्ठभागावर रक्षक थर तयार होतो. काही द्रावणांत टॅनिन असते. ते गंजाचे काळ्या लोह टॅनेटमध्ये रूपांतर करते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीच ही क्रिया. बिनदुधाच्या कडक चहात गंजका खिळा रात्रभर ठेवून पहा.

तिसरी पायरी आरपार भोकाची. येथे लांबी भरून रंग देण्याचा मोह होतो, कारण खर्च कमी आणि काम झटपट. पण लांबी भार पेलत नाही, आणि तिच्यामागे अडकलेल्या ओलाव्यात गंज वाढतच राहतो. योग्य उपाय एकच : गंजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढणे व तेवढाच नवा तुकडा वेल्ड करणे. तुकड्याचे कोपरे गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो. तुकडा जुन्या पत्र्यावर नुसता चढवण्यापेक्षा कडेला कड भिडवून जोडणे चांगले. एकावर एक पत्रे आले की पुन्हा फट तयार होते, आणि फट म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचा मध्य! वेल्डिंगही सलग करीत नाहीत. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये थंड होण्यास वेळ, असे केले नाही तर उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो.

उंबरा कापण्यापूर्वी गाडीला खालून भक्कम व समपातळीत आधार द्यावा लागतो आणि दरवाज्याच्या चौकटीत तात्पुरता आडवा दांडा बसवावा लागतो. नाहीतर अंग किंचित लवते आणि नंतर दरवाजे बसत नाहीत. बॅटरी व पेट्रोलची टाकीही आधी काढावी लागते. कापणे आणि वेल्डिंग ही तरबेज कारागिराचीच कामे आहेत. तुम्ही नोंदी, सफाई आणि सुट्या भागांचे काम करू शकता.

विजेने गंज उतरवणे

बिजागऱ्या, पट्ट्या असे लहान भाग घासण्याऐवजी वेगळ्या रीतीने साफ करता येतात. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेतात. गंजका भाग बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला व भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात बुडवतात. गंज बनताना लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावले होते. येथे वीज त्याला इलेक्ट्रॉन परत देते. त्यामुळे गंज काळा व सैल होतो, आणि उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे तो सुटायला मदत करतात. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, म्हणून हे काम उघड्यावर, मोठ्या माणसांसमोर आणि विस्तवापासून दूर करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे बनू शकतात.

शेवटचे राखणदार

नव्या जोडावर जस्तयुक्त प्रायमर देतात. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी सुचवले होते. प्रायमरनंतर सांधे बंद करतात, उंचसखलपणा घालवण्यापुरती पातळ लांबी लावतात, मग रंग देतात. पोकळ उंबऱ्यात शेवटी मेण किंवा तेलाचा फवारा मारतात. पाणी जाण्याची भोके मात्र मोकळी ठेवतात.

रंगवून तयार झालेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर कोणत्या गाडीचा गंज काढला आणि कोणत्या गाडीचा झाकला, हे वरून ओळखता येणार नाही. एकदोन पावसाळ्यांनंतर ते आपोआप कळते. म्हणून गाडीत आपली माणसे बसण्यापूर्वीच, खाली वाकून पाहण्याचे कष्ट घ्यावेत.

विचार करा

१. जुनी गाडी वर्षानुवर्षे मेणकापडाने घट्ट झाकून ठेवली, तर ती जास्त का गंजते?
२. मडगार्डच्या आतला चिखल प्रत्येक पावसाळ्यानंतर का धुवावा?
३. जस्ताऐवजी तांब्याचा मुलामा दिला आणि त्यावर ओरखडा पडला, तर लोखंडाचे काय होईल?