खेड्यातील तरुण आणि फुटबॉल

आमचे काकती गाव राणी चन्नम्मांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. पुणे-बेंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो. रस्त्यामुळे चार पैशांची सोय झाली, तशा काही नको त्या गोष्टीही आल्या. संध्याकाळी हाताला काम नसलेली पोरे रस्त्याकडेला टोळक्याने बसतात. आधी गुटख्याची पुडी, मग विडी, मग बाटली, असा क्रम सुरू होतो. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली; परंतु केवळ कायद्याने सवय सुटत नाही. रिकाम्या वेळेला पर्याय द्यावा लागतो. तो पर्याय फुटबॉल होऊ शकेल काय, याचा येथे थोडक्यात विचार करू.

या खेळाला एक चेंडू आणि मोकळे पटांगण पुरते. जागा अपुरी असेल तर पाच-पाच जणांचे संघही चालतात. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती येथे हसतखेळत होते. शिवाय आमच्या भागात मराठी व कन्नड बोलणारी मुले एका संघात आली, की चेंडू कोणाकडे द्यायचा हे भाषेवरून ठरत नाही, हा लाभ लहान नव्हे.

नागपूरचे क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिले आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. केनियातील नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ पासून अशीच चळवळ चालू झाली. तेथे वस्तीची सफाई करणाऱ्या संघाला स्पर्धेच्या गुणतक्त्यात गुण मिळत. खेळ आणि आरोग्य यांची सांगड याहून सोपी कोणती?

मात्र चेंडू दिला की पोरे सुधारली, असे होत नाही. याच महामार्गावरील कोल्हापुरात तालमींनी फुटबॉल घरोघरी पोहोचवला. तेथून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्याही झाल्या आहेत. म्हणजे गुण खेळाइतकाच त्याभोवतीच्या शिस्तीचा आहे.

ही शिस्त कशी असावी? खेळाची वेळ ठरलेली असावी, आणि मुले ज्याचा शब्द मानतात असा एक जाणता माणूस रोज हजर असावा. पटांगण रस्त्यापासून दूर असावे. तंबाखू खाऊन आलेल्यास त्या दिवशी खेळू देऊ नये, पण उद्या ये असे जरूर सांगावे. त्याला हाकलले तर तो पुन्हा रस्त्यावरच जाईल. आरंभी वीस मिनिटे अंग मोकळे करावे. ‘फिफा’ने याकरिता आखलेल्या ‘११+’ व्यायामांनी दुखापती पुष्कळ कमी होतात, असे अभ्यासात दिसले आहे. डोक्याला मार लागलेल्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, डॉक्टरांना दाखवावे. मुलींसाठीही आठवड्यातील दिवस राखून ठेवावेत.

विद्यार्थी मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सात दिवस गावात राहतो, गटारे काढतो, झाडे लावतो. त्याच सात दिवसांत गावात एक संघ उभा करून, गावातल्याच जाणत्याच्या हाती सोपवून परतलो, तर आपले काम आठव्या दिवशीही चालू राहील. महाविद्यालयाने पुढील शिबिरासाठी याचा अवश्य विचार करावा.